सतलजकाठचा बोरू-वटवट्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत चंदीगड येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आम्हांस आले तेव्हा कार्यवाहांनी विषयाची पूर्ण मोकळीक दिली होती. केंद्र सरकारच्या सेवेत तीस वर्षे काढलेल्या माणसाकडून श्रोत्यांची अपेक्षा बहुधा प्रशासन, निवृत्तिवेतन किंवा फार तर आयकर या विषयांची असते. आम्ही मात्र आज एका पक्ष्याविषयी बोलणार आहोत, आणि तोही असा पक्षी, की जो आम्ही प्रत्यक्ष कधी पाहिलेला नाही. आम्ही कला शाखेचे साधे पदवीधर. हा विषय आमच्या अधिकाराचा नाही, केवळ आवडीचा आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

तथापि या पक्ष्यावर आपणां चंदीगडकरांचा थोडा हक्क आहे. येथून कालका, सोलन, शिमला करीत नारकंड्याचा घाट उतरला की सतलज नदी भेटते, आणि तिच्या काठाने पुढे गेले की बुशहर संस्थानची जुनी राजधानी रामपूर लागते. आपल्या दारापासून हे अंतर अडीचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. किन्नौरला जाताना आपल्यापैकी पुष्कळांनी तेथे थांबून चहा घेतला असेल. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे लवीचा प्रसिद्ध मेळा भरतो आणि लोकर, शाली, चिलगोजे व सुका मेवा यांची मोठी उलाढाल होते. १८६७ सालच्या नोव्हेंबरच्या १३ तारखेला याच रामपूरच्या परिसरात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्याने एक लहानसा तपकिरी पक्षी मिळविला. त्याचे कातडे सोलून, त्यात कापूस भरून, पायाला स्थळकाळाची चिठ्ठी बांधून ते जपून ठेवण्यात आले. त्या जातीचा जिवंत पक्षी पुन्हा एका जाणकाराच्या हाती येऊन ओळखला जाण्यास २००६ सालचा मार्च महिना उजाडावा लागला. मधली एकशे अडतीस वर्षे ते एक कातडे आणि ती एक चिठ्ठी यांखेरीज या जातीच्या अस्तित्वाचा दुसरा पुरावा जगाला ठाऊक नव्हता.

हा पक्षी कोण, ते प्रथम पाहू. वटवट्या या नावाची लहान पाखरांची मोठी जमात आपल्याकडे आहे. झुडपात लपून सतत काही ना काही वटवटत राहणे हा त्यांचा स्वभाव, त्यावरूनच हे नाव पडले. त्यांतील काही जाती पाणथळीच्या बोरूंत आणि वेळूच्या बेटांत वावरतात. बोरू म्हणजे तोच, ज्याची लेखणी करून आपल्या पणजोबांनी मोडीत दप्तरे लिहिली. म्हणून आम्ही या पक्ष्यांना बोरू-वटवट्ये म्हणू. त्यांतला ब्लिथ या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा वटवट्या तर आपल्या घरचाच आहे. तो उन्हाळ्यात रशियाकडे घरटे करतो आणि हिवाळ्यात आपल्या देशात उतरतो. पुण्यात किंवा साताऱ्यात घरामागच्या कुंपणातून हिवाळाभर जो ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाज येतो, तो पुष्कळदा त्याचाच असतो.

या सर्व मंडळींची अडचण अशी, की ती एकमेकांसारखी दिसतात. वरून मातकट, खालून फिकट, डोळ्यावर एक अस्पष्ट रेघ. नर आणि मादी यांत फरक नाही. वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे आपल्या कचेरीतील दोन कोऱ्या कागदांइतके. ह्यूम यांच्या पक्ष्याची चोच इतरांपेक्षा मोठी व लांब होती आणि पंख काहीसे आखूड व गोलाकार होते. हा फरकही मिलिमीटरांत मोजावयाचा. दुर्बिणीतून पाहून अशा पक्ष्याची ओळख सांगणे जाणत्या माणसासही जड जाते. तो हातात घ्यावा लागतो आणि मोजावा लागतो.

ह्यूम हे नाव आपणांस वेगळ्या संदर्भात परिचित आहे. १८८५ सालच्या डिसेंबरात मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागील प्रमुख प्रेरणा त्यांची. १८६७ साली त्यांच्याकडे मिठावरील जकातीचे आयुक्तपद होते. त्या कामाच्या फिरतीत आणि एरवीही त्यांनी हिंदुस्थानभर पक्ष्यांचा संग्रह केला. त्यांनी पक्ष्यांवर वर्षानुवर्षे लिहून ठेवलेली हस्तलिखिते, ते शिमल्याबाहेर असताना एका नोकराने चोरून बाजारात रद्दीच्या भावाने विकली! हातून ग्रंथच निसटल्यावर त्यांनी आपला पंचाहत्तर हजारांहून अधिक पक्ष्यांचा संग्रह १८८५ साली लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयास देऊन टाकला. रामपूरचा वटवट्या त्या संग्रहाबरोबर सातासमुद्रापलीकडे गेला. आज तो लंडनजवळील ट्रिंग गावी नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या पक्षिविभागात आहे.

ह्यूम यांनी त्याला नवी जात मानून मोठ्या चोचीवरून नाव दिले होते. पुढे असे आढळले, की तेच नाव पूर्वी दुसऱ्या एका पक्ष्यास दिले गेले होते. म्हणून १९०५ साली ओबरहोल्झर या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याचे नव्याने बारसे केले. नावाचा प्रश्न सुटला, परंतु अस्तित्वाचा सुटला नाही. एकाच कातड्यावर एक संपूर्ण जात कशी मानावयाची? कोणी म्हणाले, हा दुसऱ्याच एका मोठ्या बोरू-वटवट्याचा स्थानिक प्रकार असावा. कोणास तो ब्लिथच्या वटवट्याचा एखादा बिघडलेला नमुना वाटला. आक्षेपांत काही गैर नव्हते. शास्त्राने शंका घेतलीच पाहिजे. कातडे खणात पडून राहिले. चिठ्ठीवरील अक्षरे मात्र तशीच होती: जागा, तारीख, मिळविणाऱ्याचे नाव.

येथे थोडे थांबून पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याच्या विद्येविषयी सांगणे अवश्य आहे, कारण पुढील कथा तिच्यावरच उभी आहे. डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नावाच्या एका शाळामास्तरांनी १८९९ साली साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमच्या हलक्या कड्या घातल्या. प्रत्येक कडीवर क्रमांक आणि पत्ता होता. पक्षी कोठेही सापडला तरी सापडविणाऱ्याने कळवावे, अशी ही योजना. आपल्याकडे या कामाचा आरंभ १९२६च्या सुमारास धारच्या महाराजांनी केला. धारचे पवार हे आपल्याच मराठी मुलखातून माळव्यात गेलेले घराणे. त्यांनी बदकांच्या पायांत कड्या घातल्या. पुढे १९५९ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम देशव्यापी केले. दोन वर्षांपूर्वी, १९५७ साली, कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडांना आणि माणसांना होणाऱ्या एका नव्या तापाचा शोध लागला होता. त्याचे साम्य रशियातील एका रोगाशी दिसल्याने स्थलांतर करणारे पक्षी गोचिडांबरोबर तो घेऊन येतात की काय, अशी शंका आली होती. शंका रोगाची होती, परंतु तिच्या निमित्ताने पक्ष्यांच्या वाटा कळू लागल्या. त्या कड्यांवर ‘मुंबईच्या संस्थेस कळवा’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली असत. हातात आलेल्या पाखराच्या पायावर मुंबईचा पत्ता वाचून सैबेरियातल्या माणसास काय वाटत असेल, याची कल्पना करावी.

हे काम कसे चालते ते पाहण्याचा योग आम्हांस नोकरीच्या आरंभी आला. त्या वेळी आमची नेमणूक तमिळनाडूत होती. तेथील कोडिक्करै या किनाऱ्यावर, मिठागरांच्या आणि काटेरी रानाच्या कडेला, पक्ष्यांना कड्या घालण्याचे काम चालत असे. हिवाळ्यातील एका सुट्टीत एका मित्राच्या ओळखीने आम्ही दोन दिवस तेथे राहिलो. पहाटे अंधारातच बांबूंच्या दोन काठ्यांमध्ये काळ्या धाग्याची अतिशय तलम जाळी ताणतात. ती इतकी बारीक असते, की झुडपासमोर उभी केली तर दिसत नाही. पाखरू तिच्यावर आदळते आणि खालच्या झोळात अलगद पडते. दर थोड्या वेळाने फेरी मारून पक्षी सोडवावे लागतात, अन्यथा उन्हाने किंवा भीतीने त्यांचा जीव जाण्याचे भय असते. सोडविलेला पक्षी कापडी पिशवीत घालून आणतात. मग त्याचे मानेकडील अंग दोन बोटांच्या बेचक्यात हलके धरून कडी घालतात, ती पायावर फिरली पाहिजे पण घसरून पडता कामा नये. पट्टी लावून पंख मोजतात. कवटीपासून टोकापर्यंत चोच मोजतात. पाय, शेपूट आणि वजन यांची नोंद होते. पंखातील मोठी पिसे एकामागून एक मोजून कोणते पीस शेजारच्यापेक्षा किती आखूड आहे आणि कोणाच्या कडेला खाच कोठे आहे, तेही पाहतात. सारखे दिसणारे वटवट्ये याच मोजणीतून एकमेकांपासून वेगळे होतात. हे सर्व दोन-चार मिनिटांत उरकून पक्षी मोकळा करावयाचा. अर्थात हे काम कोणीही उठून करू शकत नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यान्वये त्यास परवानगी लागते आणि हात शिकलेले असावे लागतात.

त्या दिवशी आमच्याकडे वही दिली होती. सरकारी माणसाचे अक्षर वाचनीय असते, असा तेथील मंडळींचा समज झाला असावा. एक वटवट्या आणला गेला. मोजणारे वयस्क गृहस्थ आकडे सांगत गेले, आम्ही लिहीत गेलो. पक्षी सुटला आणि झुडपात दिसेनासा झाला. संध्याकाळी वही तपासताना असे दिसले, की पंखाच्या रकान्यात आणि शेजारच्या शेपटीच्या रकान्यात आम्ही एकच आकडा लिहून ठेवला होता. त्यांतला खरा कोणता आणि चुकून पुन्हा लिहिलेला कोणता, हे आम्हांस सांगता येईना. पक्षी तर गेला होता. आम्ही सुचविले, की अशा पक्ष्याचे सर्वसाधारण माप घालून रकाने पुरे करावेत. त्यात आम्हांस काही वावगे वाटले नव्हते. त्या गृहस्थांनी तांबड्या शाईने दोन्ही आकड्यांवर रेघ ओढली, समोर ‘माप मिळाले नाही’ असे लिहिले, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत एवढेच म्हणाले, “साहेब, रिकामा रकाना कोणाला फसवीत नाही.” रागाचा एक शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्या वहीतील ती तांबडी रेघ आजही आमच्या डोळ्यांपुढे आहे.

आता पुन्हा आपल्या रामपूरच्या पक्ष्याकडे वळू. २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञ स्टाफान बेंश आणि त्यांचे सहकारी पिअर्सन यांनी ह्यूम यांच्या त्या जुन्या कातड्यातील अंशमात्र घेऊन त्यातील आनुवंशिक द्रव्याची परीक्षा केली. निष्कर्ष असा निघाला, की ही स्वतंत्र जात आहे आणि ब्लिथच्या वटवट्याशी तिचे जवळचे नाते आहे. ह्यूम यांचे म्हणणे सव्वाशेहून अधिक वर्षांनी खरे ठरले. परंतु जात खरी ठरली तरी पक्षी कोठे होता? पंख आखूड आणि गोल असल्यामुळे तो फार लांबचा प्रवास करीत नसावा, असाही तर्क मांडला गेला.

उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाले. २००६ सालच्या मार्च महिन्याच्या २७ तारखेला थायलंडमध्ये, बँकॉकपासून फार दूर नसलेल्या लाएम फाक बिया येथील सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रावर, फिलिप राउंड हे पक्षिशास्त्रज्ञ नेहमीप्रमाणे कड्या घालण्याचे काम करीत होते. जाळ्यातून आलेल्या एका वटवट्याची मापे त्यांना जुळेनात. चोच लांब, पंख आखूड. घाईत असलेल्या माणसाने ते पाखरू ब्लिथच्या वटवट्यांत ढकलले असते आणि सुटका करून घेतली असती. राउंड यांनी तसे केले नाही. पक्ष्याची छायाचित्रे घेतली, दोन पिसे काढून ठेवली, कडी घातली आणि पक्षी सोडून दिला. पिसे बेंश यांच्याकडे स्वीडनला गेली. त्यांनी ती १८६७च्या कातड्याशी ताडून पाहिली आणि ओळख पटली. सतलजकाठच्या चिठ्ठीला असे समुद्रापलीकडून उत्तर आले.

एकदा खूण पटल्यावर ट्रिंगच्या संग्रहालयातले खण पुन्हा उघडले गेले. १८६९ साली आजच्या उत्तर प्रदेशात मिळालेला याच जातीचा एक पक्षी तेथे ब्लिथच्या वटवट्यांत चुकीच्या नावाखाली पडून होता! पुढे निरनिराळ्या संग्रहांत असे आणखी दहा नमुने निघाले आणि त्यांतील काहींच्या चिठ्ठ्यांवर मध्य आशियातील स्थळे होती. २००८ साली रॉबर्ट टिमिन्स हे अफगाणिस्तानच्या बदख्शान प्रांतात, वाखान खोऱ्यात, पक्ष्यांची पाहणी करीत असताना त्यांनी एका वटवट्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले. प्रथम त्यांनाही तो ब्लिथचाच वाटला. संग्रहालयातील कातडी पाहिल्यावर शंका आली. दुसऱ्या वर्षी अफगाण सहकाऱ्यांसह त्याच नदीकाठच्या झुडपांत जाळी लावून सुमारे वीस पक्षी पकडून, मोजून, सोडून देण्यात आले. नाहीसा मानलेला पक्षी हिंदुकुशाच्या कुशीत संसार करीत होता. ताजिकिस्तानातही त्याची वीण आढळली. यावरून पाहता रामपूरचा तो पक्षी तेथला रहिवासी नसून हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे निघालेला वाटसरू असावा, हे मानणे सयुक्तिक ठरते.

या कथेला एक उलट बाजू आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रात घडली आहे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. १८७३ साली त्याचेही प्रथम वर्णन ह्यूम यांनीच केले. जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाला दिसला नाही. अपवाद एकच: कर्नल माइनर्ट्झहागेन या बड्या इंग्रज संग्राहकाच्या संग्रहातील एका कातड्यावर गुजरातेतील मांडवी आणि १९१४ साल अशी चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून शोध घेणाऱ्यांचे श्रम व्यर्थ गेले. पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषींनी बारकाईने तपास केला, तेव्हा उघड झाले, की ते कातडे मुळात डेव्हिडसन यांचेच. संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली होती. ती खोटी नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या, खऱ्या नोंदींच्या मागावर निघाले आणि १९९७ सालच्या नोव्हेंबरात, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी!

दोन पक्षी, दोन चिठ्ठ्या. रामपूरच्या चिठ्ठीवर पिढ्यान्‌पिढ्या कोणाचा विश्वास बसला नाही, तरी ती खरी होती म्हणून तिला वाट पाहता आली. मांडवीच्या चिठ्ठीवर लोकांनी विश्वास ठेवला, आणि तिने त्यांना चुकीच्या वाटेने नेले. आमच्यासारख्या कागदांत आयुष्य काढलेल्या माणसास या दोन कथांतून जे समजले, ते कोणत्याही नियमपुस्तिकेतून समजले नव्हते.

मागील वर्षी नोव्हेंबरच्या १३ तारखेस आम्ही उभयता मुद्दाम रामपूरला गेलो. लवीचा मेळा भरला होता. सकाळी दोन तास आम्ही दुर्बीण घेऊन नदीकाठच्या झुडपांपाशी उभे होतो. आमच्या सौभाग्यवतींना थंडी वाजत होती, तरी त्यांनी तक्रार केली नाही. आम्ही वहीत लिहिले: ‘रामपूर, सकाळी सात ते नऊ. बोरू-वटवट्या दिसला नाही.’ ही नोंद लिहिताना कोडिक्करैच्या त्या गृहस्थांची आठवण झाली, आणि त्याबरोबरच आमच्या स्वतःच्या एका नोंदीचीही.

भगिनींनो आणि बंधूंनो, ती नोंद आपणांपुढे सांगावी की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. सरकारी नोकरास रजा-प्रवासाच्या सवलतीसाठी आपले मूळ गाव जाहीर करावे लागते. आमच्या सेवापुस्तकात ते ‘सातारा’ असे आहे. वस्तुतः आमचे आजोबा सातारा शहरातले नव्हते. जिल्ह्यातील कोणत्या तरी वाडीतून ते पोटासाठी प्रथम मुंबईस आणि तेथून नागपुरास गेले. त्या वाडीचे नाव वडील सांगत असत. आम्ही ते ऐकले, परंतु लिहून ठेवले नाही. नोकरीस लागताना अर्जातील रकाना भरावयाचा होता, म्हणून सोयीचे आणि सर्वांना ठाऊक असलेले नाव लिहिले. पुढे दर बदलीला तेच लिहीत गेलो. मुलीने शाळेच्या अर्जासाठी विचारले तेव्हा तिलाही तेच सांगितले, आणि तिने ते खरे मानले. वडिलांना जाऊन आता बारा वर्षे झाली. चुलते, आत्या कोणी उरले नाही. जिचे नाव माहीत आहे अशा एका पाखराची वाट एकशे अडतीस वर्षांनी सापडू शकते. आमच्या वाडीचे नावच आमच्यापाशी नाही.

रामपूरहून परतल्यावर आम्ही मुलीला पत्र लिहिले. ती आता बंगळुरास असते. तिला कळविले, की सातारा हा जिल्हा खरा, गाव मात्र ठाऊक नाही, आणि यापुढे तिने ते तसेच सांगावे. तिचे उत्तर आले, “बाबा, मग जमिनीच्या जुन्या कागदांत शोधू या.” आम्हांस ते सुचले नव्हते. तिचा शोध चालू आहे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. आपल्या मंडळाच्या दप्तरात वर्गणीचा हिशेब आहे, गणेशोत्सवाच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत, नाटकांची हस्तपत्रके आहेत. परंतु या शहरात मराठी कुटुंबे कोठून, केव्हा आणि कशासाठी आली, याची सलग नोंद नाही. कोणी लष्करातून आले, कोणी बँकेत, कोणी आमच्यासारखे बदलीने, कोणी विद्यापीठात शिकविण्यासाठी. प्रत्येक कुटुंबाने एक पान लिहून द्यावे. गावाचे नाव, वाडीचे नाव, तालुका, येथे आल्याचे साल, आणणारे काम, घरात कोणती बोली बोलली जात असे ती. वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडी लिहावे, मालवणी असेल तर मालवणी. मोठेपणासाठी एखादे ऐतिहासिक घराणे जोडू नये. जे ठाऊक नाही, तेथे रेघ ओढून ‘माहीत नाही’ असे लिहावे. आणि ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीचे कोणी आहेत, त्यांनी या रविवारीच त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे. पुढच्या रविवारचा भरवसा धरू नये.

आणखी पन्नास वर्षांनी या मंडळाचा शतकमहोत्सव होईल. तेव्हा आपल्यापैकी कोणाची तरी नात किंवा पणतू आपण मूळचे कोण, असे विचारीत येथे येईल. ती मुले मराठी किती बोलतील, आम्हांस सांगता येत नाही. परंतु खण उघडला तर आत चिठ्ठी असावी, आणि तिच्यावरील अक्षरे खरी असावीत, एवढे आपल्या हाती आहे. आमच्या कुटुंबाचे पान आम्ही आजच कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहोत. त्यात गावाचा रकाना सध्या रिकामा आहे.